बेळगाव-सीमाभागातलं जुनं शहरजीवन: बायका, पुरुष आणि दोन भाषांचा शेजार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बेळगावच्या शहापुरात वाढले. गेली काही वर्षं पाहुण्यांना आणि शाळेच्या मुलांना किल्ला, जुन्या पेठा आणि आसपासची गावं दाखवते. फिरताना तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींवर मी जास्त बोलते. ज्यावर जास्त बोलते ते मला जास्त जवळचं आहे, एवढंच.

तुम्ही नेमका कोणता काळ धरता?

१४९० च्या आसपास विजापूरची आदिलशाही उभी राहिली तेव्हापासून १८२४ च्या कित्तूरच्या लढाईपर्यंत. इतिहासवाले याला आद्य-आधुनिक काळ म्हणतात. बंदुका आल्या, समुद्रापलीकडचा व्यापार आला, कागदावरचा कारभार वाढला, पण रेल्वे, शाळा, कचेऱ्या अजून यायच्या होत्या. आजच्या आपल्या जेवणातलं, बोलण्यातलं आणि नेसण्यातलं बरंच काही याच सव्वातीनशे वर्षांत घडलं.

तेव्हा बेळगाव शहर म्हणावं एवढं होतं का?

होतं, पण आजच्यासारखं एकसलग नव्हतं. किल्ला वेगळा, पेठ वेगळी, खेडी वेगळी. किल्ला रट्ट राजांच्या काळातला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची. १४७२-७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानानं किल्ला घेतला आणि पुढे तो विजापूरकडे गेला. इथला नावाजलेला सुभेदार असदखान लारी, मूळ इराणातल्या लारचा. किल्ल्यातली सफा मशीद त्याची, १५१९ ची. म्हणजे जैन बसदी, मशीद आणि मराठी-कानडी बोलणारी शिबंदी एका तटाच्या आत नांदत होती. औरंगजेबानं १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर या गावाला आझमनगर म्हणू लागले. मग सावनूरचे नवाब, मग पेशवाई, आणि १८१८ मध्ये इंग्रज. शहापूरची पेठ सांगलीच्या पटवर्धनांकडे होती, ती थेट संस्थानं विलीन होईपर्यंत.

खरा पैसा रस्त्यावर होता. गोव्याहून आणि कोकणातल्या बंदरांतून घाट चढून विजापूरकडे जाणारा माल याच पट्ट्यातून जायचा. अथणी आणि रायबाग ही त्या काळची मोठी व्यापारी गावं. सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी अथणीची नोंद केली आहे. आज अथणी म्हटलं की लोकांना फक्त चपला आठवतात.

बायका घराबाहेर काम करायच्या का?

हा प्रश्न बहुतेक वेळा मुली विचारतात. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा करून.

करायच्या. राबणाऱ्या घरांत 'घर' आणि 'बाहेर' अशी भिंतच नव्हती. शहापूर-वडगावच्या विणकराकडे बघा. माग खड्ड्यात, पाय खाली सोडून बसलेला पुरुष, आणि साडी विणणारा म्हणून नाव त्याचं. पण सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, ताणा करायचा, पांजणीला हात लावायचा, हे घरातल्या बायका-पोरांचं काम. कांडी भरून मिळाली नाही तर माग उभा राहतो. आमच्या आजीचे दोन्ही तळवे सुतानं घासून गुळगुळीत झाले होते आणि तरी ती स्वतःला 'मी काय करतो, घरातच असतो' म्हणायची. (तिच्या या 'करतो'बद्दल खाली सांगते, ती चूक नव्हे.)

भाजी, दूध, मासळी, मडकी, तेल, टोपल्या विकणं, सुईणपण, दळण-कांडण ही कामं बायकांची. चपलेच्या धंद्यात कातडं कमावणं आणि तळ कापणं पुरुषांकडे, तर वेणी घालणं आणि शिवण बऱ्याच अंशी बायकांच्या हातची. अथणी-निपाणीकडे आजही हीच वाटणी दिसते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगावसह चार जिल्हे आहेत. चपलेनं सीमा कधीच मानली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मराठा राज्यात आणि सुलतानांच्या वाड्यांत कुणबिणी, बटकी ठेवल्या जायच्या. विकत घेतलेल्या, दंडापोटी सरकारात जमा झालेल्या बायका. त्याही शहरात 'काम करत' होत्या. बायका घराबाहेर पडायच्या एवढ्यावरून त्या मोकळ्या होत्या असं समजू नका.

जुन्या कागदांत बायका सापडतात का?

सापडतात, पण बहुतेक वेळा भांडण झालं म्हणून. वतनाचा वाद, दत्तकाचा वाद, वाटणी. नवरा मेल्यावर पाटलीण किंवा देसाईण वतनावर हक्क सांगते, मुलगा लहान असेल तर त्याच्या वतीनं कारभार करते, दत्तक घेते आणि मोडी कागदाखाली तिचं नाव येतं. मुसलमान बाईला शरीयतप्रमाणे मेहर आणि वारशात ठरलेला वाटा होता. हातात किती पडायचं हे घरावर अवलंबून, पण दाद मागायला काझी होता.

लग्नाबद्दल आपली कल्पना तर अगदी चुकीची आहे. विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही हा वरच्या जातींचा नियम होता. बाकी समाजात पाट लागायचा. आमच्या कानडी शेजाऱ्यांत त्यालाच उडिकी म्हणायचे. काडीमोड घेऊन दुसरा पाट लावणंही होतं. सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घ्यायचं. ज्यावर कर बसतो ती गोष्ट सर्रास चालत असणार, असा माझा साधा हिशेब आहे.

कारभाराच्या भाषेचंही इथं सांगते. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं (१५३४ ते १५५८) हिशेबातली फारसी काढून स्थानिक भाषा आणली आणि ब्राह्मण कारकून नेमले. विजापूरच्या कागदांवर फारसी मजकूर आणि खाली मोडी असं दोन्ही दिसतं. त्यामुळे चिकोडीच्या देसाईणीची तक्रार सुलतानाच्या दरबारात मराठीत पोचू शकत होती. कानडी तोंडात, मराठी कागदात, फारसी शिक्क्यात!

राज्य करणाऱ्या बायका या भागात एवढ्या कशा?

नावं घेऊ. चांदबिबी: नवरा अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेला तेव्हा गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम दुसरा होता आणि विजापूरचा कारभार तिनं पाहिला. पुढे १५९५-९६ मध्ये तिनं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. खदिजा सुलताना: गोवळकोंड्याची मुलगी, विजापूरची बेगम. १६५६ मध्ये नवरा गेल्यावर दरबारात तिचं वजन होतं आणि १६६० नंतर ती डच जहाजातून मक्केच्या यात्रेला गेली. बेळगावच्या खाली वेंगुर्ल्याला तेव्हा डचांची वखार होतीच. ताराबाई: १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर मराठ्यांचं राज्य तिनं चालवलं. तिच्या मागून कोल्हापूरच्या जिजाबाई, १७७३ पर्यंत. त्यांच्या काळात आपला चिकोडी-मनोळीचा टापू कोल्हापूर आणि पटवर्धन यांच्यात ओढाताणीत होता.

आता घरच्या दोघी. बैलहोंगलजवळच्या बेलवडीची देसाईण १६७८ च्या सुमाराला शिवाजी महाराजांच्या फौजेशी लढली. महाराज दक्षिण दिग्विजयाहून परतत होते. मराठी बखरीत तिचं नाव सावित्री येतं, कानडी परंपरेत ती मल्लम्मा. दोन्हीकडची आठवण एका गोष्टीवर जुळते: महाराजांनी तिचा मान राखला. धारवाड जिल्ह्यातल्या यादवाडला मारुतीच्या देवळापाशी एक शिळा आहे, तीत घोड्यावरचे महाराज आणि मांडीवर मूल घेतलेले महाराज कोरले आहेत असं मानतात. लोक ती मल्लम्मानं करवली असं सांगतात. जिच्याशी लढाई झाली तिनं शिळा उभी केली, ही गोष्ट मुलांना सांगताना मला दर वेळी भरून येतं.

दुसरी राणी चन्नम्मा, जन्म १७७८, माहेर काकती, बेळगावच्या अगदी वेशीवरचं. कित्तूरच्या मल्लसर्ज देसायाची राणी. १८२४ मध्ये कित्तूरचा शेवटचा वारस गेला तेव्हा दत्तक शिवलिंगप्पाला कंपनीनं मान्यता नाकारली. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या दारात मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, राणी पकडली गेली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच वारली. तिचा सरदार संगोळ्ळी रायण्णा २६ जानेवारी १८३१ ला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर गेला. लक्षात घ्या, दत्तक नामंजूर करून संस्थानं गिळण्याबद्दल आपण डलहौसीचं नाव घेतो. तो आला १८४८ मध्ये. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षं आधीचं.

या सगळ्या जणी विधवा किंवा राजमाता होत्या, हे मी मुद्दाम दाखवते. नवरा जिवंत असताना सत्ता त्याची. तो गेला आणि मूल लहान असलं की दार उघडायचं. त्या दारातून आत शिरून तलवार हातात घेणं ही मात्र त्यांची स्वतःची हिंमत. आणि म्हणूनच दत्तकाचा हक्क हा इतका जिवाचा प्रश्न होता. तो काढून घेतला की विधवेच्या हातातला एकुलता एक कागदच फाटला.

सौंदत्तीच्या जोगप्पांबद्दल सांगाल का?

यल्लम्माचा डोंगर कानडी मुलखात, पण कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या गाड्या बघितल्या तर तो मराठीचाही तेवढाच. आताचं देऊळ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रायबागच्या बोमप्पा नायकानं बांधल्याचं सांगतात. तिथं जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका आहेत, आणि पुरुषाचा जन्म घेऊन लुगडं नेसणारे, डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली परडी) घेणारे जोगप्पा, मराठीत जोगते. चौंडकं वाजवत, कधी कानडीत कधी मराठीत गाणी म्हणत गावोगाव फिरतात. एका कडव्यात दोन्ही भाषा येतात आणि ऐकणाऱ्याला कुठं अडत नाही. रांडव पुनवेला देवीबरोबर जोगतिणी बांगड्या फोडतात, अहेव पुनवेला पुन्हा भरतात.

पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक नाक मुरडतात. दुसरे 'आपल्याकडे किती मोकळीक होती' म्हणून हरखतात. मला दोन्ही पटत नाही. बाई आणि पुरुष यांच्या मधल्या माणसाला इथं नाव होतं, काम होतं, देवीपाशी जागा होती, हे खरं आणि मोलाचं. पण देवीला सोडलेल्या मुली बहुतेक गरिबाघरच्या, दलित घरच्या होत्या आणि त्यांच्या वाट्याला काय आलं हे झाकून चालणार नाही. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये कायदा झाला. डोंगरावर भेटणाऱ्या जोगप्पांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. 'जोगम्मा' म्हणून हाक मारली तर बहुतेकांना आवडते.

मिरची, तंबाखू हे खरंच बाहेरून आलं?

हो, आणि मुलांचा यावर विश्वास बसत नाही. संकेश्वरी मिरची आमच्या जिल्ह्याची शान, पण मिरचीचं मूळ अमेरिकेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणली. त्याआधी इथल्या कालवणाला तिखटपणा मिऱ्याचा. पेरू, काजू, अननस, पपई, बटाटा, मका, भुईमूग हे सगळं त्याच वाटेनं आलं. भुईमूग नसता तर शेंगादाण्याची चटणी नसती, मग भाकरीबरोबर काय खाल्लं असतं कोण जाणे.

तंबाखूची तर नोंदच आहे. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला. त्याला इथं तंबाखू दिसली, ती त्यानं आग्र्याला नेऊन बादशहापुढं ठेवली. म्हणजे मोगल दरबाराला हे व्यसन आपल्या दक्खननं दिलं. निपाणीची तंबाखूची बाजारपेठ फार नंतरची, आणि तिच्या विड्या वळल्या त्या बायकांनी. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या हातांबद्दल वेगळं पान लिहावं लागेल.

मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. नवं पीक बंदरात उतरवलं दर्यावर्दी पुरुषांनी, त्याचं नाव लिहिलं प्रवाशांनी. पण मिऱ्याच्या जागी मिरची किती घालायची, ती वाळवायची कशी, कोणत्या मसाल्यात कांडायची, हे ठरवलं कुणा अनाम बायकांनी चुलीपुढं बसून. आजची आपली चव त्यांनी शोधली.

आपल्या मराठीत कानडी एवढी कशी?

तूप, विळी, अडकित्ता, खलबत्ता, अक्का, अण्णा हे शब्द अख्ख्या महाराष्ट्रात चालतात आणि ते कानडीतून आले असं मानतात. यादी नीट बघा, बहुतेक शब्द स्वयंपाकघरातले आणि नात्यातले. दरबारी शब्द फारसीतून आले: अर्ज, जमीन, कागद, दौलत. गोव्याकडून पोर्तुगीज: पाव, चावी, बटाटा, घमेलं, लिलाव, पगार. कुठला शब्द कुठल्या दारानं आला हे बघितलं की कोण कोणाशी बोलत होतं ते समजतं. चुलीपाशीचे शब्द सुना, सासवा आणि शेजारणींच्या देवाणघेवाणीतूनच येऊ शकतात. हुक्केरीची मुलगी शहापुरात दिली की तिच्याबरोबर रुखवतात शब्दही यायचे.

आता आजीचं 'मी करतो'. बेळगाव, चंदगड, कोल्हापूर भागात मुली-बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात गेल्यावर माझ्या वर्गात यावर हसले होते आणि मी आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं. खरं तर यात हसण्यासारखं काही नाही. कानडीत 'नानु बंदे' बाई म्हणते आणि पुरुषही म्हणतो. 'मी'च्या क्रियापदाला बाई-पुरुष हा भेद नाहीच. शेकडो वर्षं दोन्ही भाषा एका अंगणात बोलल्या गेल्या, तिथं मराठीनं हा भेद सोडून दिला असावा, असं मला वाटतं. 'पण'च्या जागी 'खरं' म्हणण्याची आमची सवयही याच शेजारातली. घरी मी अजून 'मी येतो' म्हणूनच बाहेर पडते.

नेसण्या-घालण्याचं काय?

थोडक्यात: नऊवारीचा काष्टा मराठी, तीवर इरकली लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण कानडी मुलखातून. पुरुषांच्या जामा आणि कमरबंदावर विजापूर-मोगल दरबाराची छाप. इरकली नऊवारी नेसलेली, खणाची चोळी घातलेली बाई मराठी की कानडी, हे ती बोलेपर्यंत कळत नाही.

गोव्याचा आणि बेळगावचा संबंध फक्त व्यापाराचा होता?

नाही, पळून येण्याचाही. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला आणि पोर्तुगीज शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत याला उत्तेजन दिलं. त्या बायका धर्म बदललेल्या, त्यांना कुणी विचारलं होतं असं वाटत नाही. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. पुष्कळ कुटुंबं देव उचलून घाटावर आणि दक्षिणेकडे गेली. १७३६ च्या फर्मानानं लग्नातल्या ओव्या, हळद, असे बायकांचे विधीसुद्धा बंद केले. बंदी घालावीशी वाटली म्हणजे बाटल्यावरही पिढ्यानपिढ्या बायका त्या ओव्या म्हणत होत्या. खानापूरच्या बाजूला कोकणी-मराठी बोलणाऱ्या घरांत जात्यावरचं गाणं ऐकलं की मला हे फर्मान आठवतं.

इंग्रज आल्यावर बायकांची स्थिती सुधारली ना?

काही बाबतींत निश्चित. सतीला बंदी आली, पुढे मुलींच्या शाळा आल्या. पण १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा वाचा. त्याच्या दुसऱ्या कलमानं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपायचा. ज्या जातींत आधीपासूनच पाट लागत होता त्यांनाही हे लागू, असं मुंबई हायकोर्टानं ठरवलं. वरच्या जातीच्या विधवेला दार उघडलं, आणि पाटाच्या बाईच्या हातून शेत गेलं. 'सुधारणा' हा शब्द मी म्हणून जपून वापरते.

शेवटी हे सगळं मराठी की कानडी?

१९५६ पासून हा प्रश्न आमच्या घराघरात आहे, आणि मराठीसाठी झगडलेली माणसं माझ्याही घरात आहेत. भाषेचा हक्क मागणं योग्यच. पण त्यासाठी आजीच्या तोंडातली कानडी पुसायची गरज नाही. चन्नम्मा आमची, ताराबाई आमची. कमल बसदी आणि सफा मशीदही.

एका दिवसात काय बघता येईल?

सकाळी बेळगावचा किल्ला, तिथं कमल बसदी आणि सफा मशीद. किल्ल्यात लष्कराची जागा आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. तिथून काकतीवरून नव्हे, धारवाडच्या रस्त्यानं कित्तूरला जा. वाड्याचे अवशेष आणि वस्तुसंग्रहालय बघा. दुपारी बैलहोंगलला राणीची समाधी. सौंदत्ती त्याच दिवशी कोंबू नका, तिला पूर्ण दिवस द्या, आणि पुनवेची गर्दी टाळा.

आमच्या घरी जुने मोडी कागद आहेत. काय करू?

आधी फेकू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग मोडी वाचणारा माणूस गाठा, आणि वाचून घेताना त्याला एक गोष्ट मुद्दाम विचारा: यात कुठं बाईचं नाव आहे का? असेल तर तेवढी ओळ वेगळी उतरवून घ्या, आणि घरात सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा. पुढची गोष्ट ती सांगेल, ती रेकॉर्ड करायला विसरू नका.